पाण्याच्या मागोमाग: डार्विन ते पोर्ट ऑगस्टा

ऑस्ट्रेलियाचा नकाशा समोर धरा. वर डार्विन, खाली पोर्ट ऑगस्टा आणि देशाला उभा छेद देत दोघांना जोडणारी एक रेघ. हा स्टुअर्ट हायवे, लांबी २,७०० किलोमीटरच्या वर. आता या रेघेवरच्या गावांची नावं वाचा: डेली वॉटर्स, टेनंट क्रीक, बॅरो क्रीक, ॲलिस स्प्रिंग्ज. एवढा कोरडा मुलूख, आणि गावांची नावं मात्र एकजात पाण्याची! मग अंतरं बघा. कॅथरीन ते डेली वॉटर्स पावणेतीनशे किलोमीटर, टेनंट क्रीक ते बॅरो क्रीक सव्वादोनशे, बॅरो क्रीक ते ॲलिस स्प्रिंग्ज दोनशे ऐंशीच्या आसपास.

मी पोटासाठी नेटवर्कवर चालणारं सॉफ्टवेअर लिहितो. कुठेही साधारण सारखी अंतरं दिसली, की कोणीतरी ती मुद्दाम ठेवली आहेत असा संशय यायला लागतो. इथे तो खरा आहे. ही अंतरं ठरवली तारायंत्राच्या तारेने, आणि नेमक्या जागा ठरवल्या पाण्याने. पण ते पाणी कुठे आहे हे ज्यांना आधीपासून ठाऊक होतं, त्यांचं पुढे काय झालं? या रस्त्याचा इतिहास म्हणजे मुख्यतः या प्रश्नाचं उत्तर आहे. आज तेच सांगायचं आहे.

ॲडलेडला राहणारा माझा एक मित्र आणि त्याची बायको जुलैमध्ये आपला कॅराव्हान ओढत डार्विनपर्यंत गेले होते. परतीच्या वाटेवर मी आणि माझी बायको डार्विनला त्यांना जाऊन मिळालो. कॅराव्हान म्हणजे गाडीच्या मागे जोडलेली एक खोलीच. पलंग, गॅसची शेगडी, छोटासा फ्रिज आणि खाली पाण्याच्या टाक्या. जुलै हा तिकडे कोरडा ऋतू. निवृत्त जोडपी घराला कुलूप लावून महिनोन्‌महिने अशीच फिरत असतात. त्यांना तिकडे 'ग्रे नोमॅड' म्हणतात, म्हणजे पिकल्या केसांचे भटके. पहिल्याच संध्याकाळी मित्राने कामं वाटून दिली. माझ्या वाट्याला आलं पाणी. प्रत्येक मुक्कामी टाकी भरायची आणि पुढचा नळ किती लांब आहे ते बघून ठेवायचं. त्यामुळे हा इतिहास मला पाण्याच्या नळावरून वाचायला मिळाला असं म्हणायला हरकत नाही :)

आधी वाट सापडली

हायवेला ज्याचं नाव आहे तो जॉन मॅकडूअल स्टुअर्ट हा स्कॉटलंडहून आलेला एक लहानखुरा माणूस. १८५८ ते १८६२ या काळात त्याने ॲडलेडच्या बाजूने आतल्या मुलखात सहा मोहिमा काढल्या. एप्रिल १८६० मध्ये तो फक्त दोन साथीदारांसह खंडाच्या मध्यापर्यंत पोचला. जूनमध्ये आजच्या टेनंट क्रीकच्या उत्तरेला वारुमुंगू लोकांनी त्याला अडवलं आणि तो परत फिरला. त्या ओढ्याला त्याने नाव दिलं 'अटॅक क्रीक'. हल्ला कोणी कोणाच्या मुलखात शिरल्यावर झाला, हा तपशील अर्थातच नावात आला नाही. शेवटी २४ जुलै १८६२ ला तो डार्विनच्या पूर्वेला समुद्रापर्यंत पोचला. परतताना स्कर्व्हीने इतका खंगला होता, की बरीच वाट दोन घोड्यांच्या मध्ये बांधलेल्या झोळीतून त्याला आणावं लागलं. पण सहाही मोहिमांत त्याने बरोबरचा एकही माणूस गमावला नाही.

हे जमलं कसं? स्टुअर्ट घोडे घेऊन जायचा, आणि घोड्याला रोज भरपूर पाणी लागतं. त्यामुळे तो सरळ रेघेत कधीच गेला नाही. एक पाणवठा पक्का करायचा, तिथे मुक्काम टाकायचा, तिथून पुढचा पाणवठा शोधायचा, नाही मिळाला तर मागे यायचं. शोधायच्या खुणा म्हणजे पक्ष्यांचे थवे, लांबवर दिसणारा धूर, माणसांच्या पायवाटा. आणि त्याच्या नोंदींमध्ये 'नेटिव्ह वेल' हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. म्हणजे स्थानिकांनी खणलेले आणि राखलेले झिरे. आपल्याकडे उन्हाळ्यात नदीच्या कोरड्या पात्रात वाळू उकरून झिरा काढतात, तसेच. अशा एकेका झिऱ्यापर्यंत हजारो वर्षं लोक जात-येत होते. स्टुअर्टने त्या जागा ओळीने कागदावर उतरवल्या. त्याचं कर्तृत्व मी कमी लेखत नाही, पण त्याने केली ती नोंद, शोध दुसऱ्यांचा होता.

याच सुमाराला मेलबर्नहून एक थाटामाटाची मोहीम निघाली होती, बर्क आणि विल्स यांची. ऑगस्ट १८६० मध्ये निघाली, पूर्वेच्या वेगळ्या वाटेने उत्तरेच्या समुद्राजवळ पोचली, आणि परतताना कूपर क्रीकच्या काठी, म्हणजे चक्क पाण्याच्या काठी, १८६१ मध्ये दोघंही उपासमारीने मेले. तिथले यांड्रुवांधा लोक नार्दू नावाच्या पाणवनस्पतीपासून पीठ करून खात. तिच्यात बी-१ जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो, तो घालवायची त्यांची पद्धत होती. गोऱ्यांनी पीठ घेतलं, पण पद्धत पुरती घेतली नाही, असं मानलं जातं. त्यांच्यातला जॉन किंग तेवढा वाचला, कारण यांड्रुवांधांनी त्याला आपल्यात ठेवून घेतलं.

मग तार आली

डार्विनला नॉर्दर्न टेरिटरीचं पार्लमेंट हाऊस आहे. पांढरीशुभ्र, भव्य इमारत. त्याच जागी पूर्वी पोस्ट आणि तारऑफिस होतं, आणि तिथल्या बंदरातच समुद्राखालची तार किनाऱ्याला लागली होती.

१८७० च्या आधी लंडनची बातमी ऑस्ट्रेलियाला बोटीने यायची, दोन-दोन महिने जुनी होऊन. १८७० मध्ये सुएझ-एडन-मुंबई अशी समुद्री तार सुरू झाली. मुंबईहून जमिनीवरून मद्रास, तिथून पुन्हा समुद्राखालून पेनांग आणि सिंगापूर, पुढे जावा. जावाच्या बान्युवांगीहून डार्विनपर्यंतची तार नोव्हेंबर १८७१ मध्ये पोचली. म्हणजे लंडन-ॲडलेड संदेश वाटेत आपल्या मुंबईला हात लावून जायचा!

डार्विनपासून खाली तार न्यायचं काम साउथ ऑस्ट्रेलियाच्या वसाहतीने अंगावर घेतलं. प्रमुख होता चार्ल्स टॉड. ३,२०० किलोमीटर तार, ३६,००० खांब, अठरा महिन्यांच्या आसपास मुदत, आणि उशीर झाला तर दंड. मुदत पाळली गेली नाही आणि खर्च अंदाजाच्या जवळजवळ चौपट झाला हे वाचल्यावर मला फार घरच्यासारखं वाटलं. उत्तरेकडच्या ठेकेदारांनी सप्टेंबर १८७० मध्ये डार्विनला पहिला खांब रोवला, आणि थोड्याच महिन्यांत मॉन्सूनने गाठलं. चिखलात गाड्या रुतल्या, शिधा कुजला, मजुरांनी संप केला, ठेका रद्द झाला. पुढे लाकडी खांब वाळवीने खाल्ले आणि लोखंडी लावावे लागले. आम्ही कोरड्या ऋतूत होतो तरी रस्त्याच्या कडेला वाळवीची पुरुषभर उंचीची वारुळं मैलोन्‌मैल दिसत होती. या मुलखात कोणी लाकडी खांब रोवले होते याचंच नवल वाटतं.

आता अंतराचा प्रश्न. तारेतून जाणारा विजेचा संकेत वाटेत क्षीण होत जातो. त्या काळच्या बॅटऱ्यांवर साधारण अडीचशे-तीनशे किलोमीटरनंतर तो कोणीतरी झेलून, नव्या जोमाने पुढे पाठवावा लागे. हे काम सुरुवातीला माणसंच करायची. तारमास्तर मोर्स ऐकायचा, लिहून घ्यायचा आणि पुढच्या तारेवर पुन्हा ठोकायचा. त्यासाठी डझनभर ठाणी बांधली. ठाण्यावर माणसं राहणार, घोडे-गुरं राहणार, म्हणजे बारमाही पाणी हवंच. टॉडने स्टुअर्टची नोंद घेतली आणि अडीचशे-तीनशे किलोमीटरच्या हिशोबात बसतील ते पाणवठे निवडले. आजची गावं ती हीच. डेली वॉटर्स ते टेनंट क्रीक हे अंतर चारशे आहे, कारण मधलं पॉवेल क्रीकचं ठाणं आता हायवेपासून बाजूला पडलंय.

डेली वॉटर्सच्या दक्षिणेला फ्रू पाँड्स नावाची जागा आहे. २२ ऑगस्ट १८७२ ला तारेची दोन टोकं इथे जोडली. त्याआधी काही आठवडे गंमत चालली होती. तार दोन्हीकडून येत होती पण मध्ये भगदाड होतं, म्हणून एका टोकाला आलेले संदेश घोडेस्वार दुसऱ्या टोकाला नेऊन देत. आणि हे सुरू होतंय तोच जूनमध्ये समुद्राखालची तार तुटली! ती ऑक्टोबरमध्ये दुरुस्त झाली, तेव्हा कुठे ॲडलेड लंडनला जोडलं गेलं.

बॅरो क्रीक

टेनंट क्रीकच्या शंभरेक किलोमीटर दक्षिणेला ग्रॅनाइटचे अवाढव्य गोल धोंडे एकमेकांवर रचल्यासारखे पडलेत. इंग्रजांनी त्यांना 'सैतानाच्या गोट्या' म्हटलं. ही जागा मूळची कार्लू कार्लू, आणि २००८ मध्ये ती तिच्या परंपरागत मालकांना परत देण्यात आली. तिथून दोनेक तासांवर बॅरो क्रीक. एक रोडहाऊस, मागे टेकडी, आणि दगडी भिंतींचं जुनं ठाणं. हे ठाणं काय्टेच लोकांच्या पाण्यापाशी बांधलं होतं.

२२ फेब्रुवारी १८७४ च्या संध्याकाळी काय्टेच लोकांनी ठाण्यावर भाले चालवले. तारमास्तर जेम्स स्टेपलटन आणि लाइनमन जॉन फ्रँक्स मारले गेले. स्टेपलटन लगेच मेला नाही. त्याची बायको ॲडलेडला होती, तिला तिथल्या तारऑफिसात बोलावून घेतलं, आणि मरणाऱ्या माणसाने तारेवरूनच तिचा निरोप घेतला. आपल्याकडे 'तार आली' म्हटलं की घरात आधी रडारड व्हायची आणि मग पाकीट उघडायचं. या बाईंनी मृत्यूची तार नवऱ्याच्याच बोटांनी ठोकलेली ऐकली.

हा प्रसंग ऑस्ट्रेलियन इतिहासाच्या पुस्तकांत फार पूर्वीपासून आहे. त्याच्या पुढचा भाग बराच काळ नव्हता. ॲडलेडच्या वर्तमानपत्रांतून सूड घ्या अशी ओरड झाली. पोलीस अधिकारी सॅम्युअल गेसनच्या हाताखाली तुकडी निघाली आणि कित्येक आठवडे तिने त्या मुलखात माणसं मारली. अधिकृत कागदांत आकडा लहान आहे. प्रत्यक्षात डझनावारी लोक मेले असं आता मानलं जातं. त्यांच्यासाठी कोणी तार केली नाही. मुळात हल्ला का झाला? दोन कारणं सांगितली जातात: काय्टेच स्त्रियांना मिळालेली वागणूक, आणि पाण्यावर घातलेली बंदी. उन्हाळ्यात शंभर मैलांच्या टापूत जे एक भरवशाचं पाणी असतं, त्यावर कोणी घर बांधून 'इथे यायचं नाही' म्हटलं, तर त्याचा अर्थ काय होतो हे दुष्काळी भागातल्या माणसाला समजावून सांगायला नको.

ही एकदाच घडलेली गोष्ट असती तर वेगळं. पण चोपन्न वर्षांनी, १९२८ च्या भीषण दुष्काळात, पश्चिमेला कॉनिस्टन भागात तेच घडलं. पुन्हा एक पाणवठा, युर्कुरू नावाचा. ऑगस्टमध्ये फ्रेड ब्रुक्स नावाचा डिंगो पकडणारा माणूस तिथे मारला गेला. मग कॉन्स्टेबल जॉर्ज मरे तुकडी घेऊन निघाला आणि वार्लपिरी, अनमाचेरे आणि काय्टेच लोकांची कत्तल झाली. चौकशीत ३१ मृत्यू मान्य झाले आणि ते 'समर्थनीय' ठरले. इतिहासकार आणि वाचलेल्यांचे वंशज यांच्या मते आकडा साठच्या बराच वर जातो. नॉर्दर्न टेरिटरीच्या पोलीस प्रमुखांनी २०१८ मध्ये, नव्वद वर्षांनी, त्याबद्दल माफी मागितली.

बॅरो क्रीकला आम्ही चहा करून प्यायलो. टाकीत तेव्हा पाऊण टाकी पाणी होतं. मित्राची बायको माहिती फलक वाचून आली आणि एवढंच म्हणाली, "ज्यांची नावं आहेत ती दोनच आहेत."

ॲलिसचा झरा

ॲलिस स्प्रिंग्ज हे टॉडच्या बायकोचं, ॲलिसचं नाव. नदीचं नाव टॉड. गंमत म्हणजे तिथे झरा नाहीच. नदीच्या कोरड्या पात्रात एके ठिकाणी वाळूखाली ग्रॅनाइट आहे, पावसाचं पाणी त्यावर अडून राहतं, आणि पाहणी करणाऱ्यांना तो झरा वाटला. अरंडा लोकांसाठी हा सगळा परिसर म्बार्न्त्वा. १८७२ चं दगडी तारठाणं त्या डोहाशेजारी अजून उत्तम स्थितीत उभं आहे. आत मोर्सची यंत्रं मांडून ठेवलीत. माझ्यासारख्याला तिथून हलवणं कठीण.

पण या इमारतींना दुसराही इतिहास आहे. १९३२ मध्ये तारऑफिस गावात हललं आणि ठाण्यात 'बंगलो' नावाची संस्था आली. गोरा बाप आणि आदिवासी आई असलेल्या मुलांना आईपासून तोडून सरकार इथे ठेवत असे. हे १९४२ पर्यंत चाललं. अशा मुलांच्या पिढ्यांना आज 'स्टोलन जनरेशन्स' म्हणतात, आणि पंतप्रधान केव्हिन रड यांनी १३ फेब्रुवारी २००८ ला संसदेत त्यांची माफी मागितली. म्हणजे ज्या ठाण्यामुळे ॲडलेडचा माणूस काही तासांत लंडनशी बोलू शकला, त्याच ठाण्यातल्या मुलाला पलीकडच्या छावणीतल्या आईशी बोलता येत नव्हतं.

रस्ता सगळ्यात शेवटी

आपण जिला हायवे म्हणतो ती गोष्ट फार नंतरची. तारेच्या शेजारची पायवाट १९४० पर्यंत बव्हंशी पायवाटच होती. मग युद्ध आलं. ॲलिसपर्यंत १९२९ पासून रेल्वे होती आणि डार्विनकडून खाली बर्डमपर्यंत दुसरी; मधला भाग मोकळा. १९४० मध्ये टेनंट क्रीकपासून बर्डमपर्यंतचा रस्ता सुमारे तीन महिन्यांत तयार केला. वेळेवरच केला. १९ फेब्रुवारी १९४२ ला जपानी विमानांनी डार्विनवर दोन हल्ले केले, २३० हून अधिक माणसं मेली. बॉम्ब त्या पोस्ट-तारऑफिसवरही पडला आणि पोस्टमास्तर, त्यांचं कुटुंब आणि कर्मचारी तिथेच गेले. त्यानंतर हजारो लष्करी ट्रक याच रस्त्याने वर गेले. आणि घाईत रस्ता आखायचा तर कसा? तारेच्या बाजूने. कारण तिथेच पाणी.

ॲलिसच्या दक्षिणेला मात्र हायवे तारेला सोडून पश्चिमेकडून जातो. दक्षिणेकडचा हा भाग पूर्ण डांबरी झाला १९८७ मध्ये! जुनी तार आणि जुनी रेल्वे पूर्वेकडून ऊदनाडाटा-मारी मार्गे जायची, कारण तिकडे जमिनीखालच्या प्रचंड भूजलसाठ्याचं पाणी झऱ्यांच्या रूपाने ओळीने वर येतं. कॅराव्हान घेऊन त्या कच्च्या वाटेला जायचं नाही असं ठरलं होतं, त्यामुळे मारी राहिलं. तिथल्या उंटवाल्यांनी १८८० च्या दशकात मशीद बांधली होती.

हे उंटवाले म्हणजे आपले शेजारी. तिकडे त्यांना सरसकट 'अफगाण' म्हणत, पण त्यांत बलुची, सिंधी, पंजाबी, पेशावरी असे सगळे होते. बर्क-विल्सच्या मोहिमेचे उंटही कराचीहूनच गेले होते, आणि त्या उंटांबरोबर सामला नावाचा एक हिंदूही होता. मोहिमेच्या शिध्यातलं त्याला काही चालेना, म्हणून तो सुरुवातीलाच परत फिरला. १८६६ मध्ये पोर्ट ऑगस्टाला १२४ उंट आणि ३१ उंटवाले उतरले. तेव्हा कराची मुंबई इलाख्यात होतं, म्हणजे हे लोक आपल्याच इलाख्याच्या बंदरातून निघाले होते. तारेच्या ठाण्यांना वर्षानुवर्षं सामान पुरवलं यांच्याच उंटांनी. ॲडलेडहून डार्विनला जाणारी 'द घॅन' ही आलिशान गाडी त्यांचंच नाव मिरवते. आणि १९०१ च्या कायद्यानंतर यांच्यातल्या कित्येकांना आपल्या बायकामुलांना तिथे आणता आलं नाही. मोटारी आल्या, उंट मोकाट सोडले गेले, आणि आज त्यांचे कळप पाणवठे नासवतात म्हणून सरकार चिंतेत आहे. पाणी तिथेही सुटत नाही बघा.

पोर्ट ऑगस्टाला समुद्र दिसला तेव्हा टाकी अर्धी होती, आणि यापुढे दर वीस किलोमीटरवर नळ होता. जाण्याचा विचार असेल तर मे ते सप्टेंबर जा, टाकी जिथे मिळेल तिथे भरा आणि रात्री गाडी चालवू नका, कांगारू आडवे येतात. आणखी एक करा. ज्या गावी मुक्काम कराल तिथल्या पाण्याचं आधीचं नाव काय होतं ते विचारा. कॅथरीनला, ॲलिसला सांगणारे लोक आहेत, हल्ली पाट्याही आहेत. काही ठिकाणी विचारल्यावर समोरचा माणूस क्षणभर गप्प होतो. तिथे थोडं जास्त थांबा.